अम्मी आता आपल्याकडेच राहणार: पत्ता बदलण्याआधी काय तपासायचं आणि कोणता हक्क कुठे मिळतो

अब्बांचं इंतकाल झाल्यावर वर्षभरात अम्मी इंडी तालुक्यातलं घर बंद करून आमच्याकडे सोलापूरला आली. विजयपूर जिल्ह्यातून सोलापूर म्हणजे काही परदेश नाही. आपल्याकडे निम्म्या घरांचे नातेवाईक हद्दीच्या पलीकडे आहेत. पण कागदांच्या दृष्टीने ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली होती, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

मी शाळेत शिकवते, फॉर्म भरणं हे रोजचंच काम. म्हणून पहिल्याच सुट्टीत उत्साहाने अम्मीच्या आधारवरचा पत्ता बदलून टाकला, गावच्या रेशनकार्डातून नाव कमी करून घेतलं आणि वाटलं, झालं काम. काही महिन्यांनी तिला कर्नाटक सरकारकडून मिळणारी ‘संध्या सुरक्षा’ची दरमहा १,२०० रुपयांची पेन्शन थांबली. ती त्या राज्यात राहणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे नियमाने ते बरोबरच होतं. चूक आमची होती. काय सुटणार आणि त्या जागी इथे काय मिळणार, याचा हिशेब आम्ही आधी केलाच नव्हता. अम्मी एवढंच म्हणाली, “मेरे हात का पैसा था बेटा.” घरात तिला कशाची कमी नव्हती. पण नातवंडांना ईदी देताना, दाराशी आलेल्या फकिराला काही देताना तिला माझ्याकडे हात पसरायचा नव्हता.

शाळेतल्या पालकसभेत आता मला हेच प्रश्न विचारले जातात. कुणाची सासू अक्कलकोटहून आलेली असते, कुणाचे अब्बा कलबुर्गीहून, तर कुणाचं सगळं घर पेठेतून कुंभारीच्या रायनगरला गेलेलं असतं. म्हणून जे आम्ही चुकत-माकत शिकलो, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी ठरवा: कायमचे की येऊन-जाऊन?

पहिला प्रश्न आई-वडिलांना विचारा, एजंटला नाही. चार महिने मुलाकडे, चार महिने मुलीकडे आणि बाकी गावी असं राहणार असतील, तर पत्ता बदलायची घाई करू नका. रेशनसाठीही त्याची गरज नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेमुळे अन्नसुरक्षेत नाव असलेल्या माणसाला गावच्या कार्डावर दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही धान्य घेता येतं. दुकानदाराला कार्डाचा किंवा आधारचा नंबर द्यायचा आणि मशीनवर ओळख पटवायची.

कायमचे राहणार असतील, तर मात्र सगळे कागद एकाच पत्त्यावर आणावे लागतात. दोन्ही राज्यांतून पेन्शन घेणं किंवा दोन रेशनकार्डांत नाव ठेवणं हा गुन्हा आहे. “कुणाला कळतंय” असं सांगणारे भेटतील. आधार आल्यापासून सगळं कळतं, आणि वसुलीची नोटीस म्हाताऱ्या माणसाच्या नावानेच येते.

तीन खिसे

वर्गात मुलांना समजावते तसं सांगते. वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी गोष्टी तीन वेगवेगळ्या खिशांत आहेत असं समजा.

पहिल्या खिशात आजचा पत्ता लागतो: आधार, रेशनकार्ड, मतदार यादी. तुम्ही आज इथे राहता, एवढं पुरतं.

दुसऱ्या खिशात महाराष्ट्रातला किमान १५ वर्षांचा रहिवास लागतो. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजना याच खिशात आहेत.

तिसऱ्या खिशातल्या गोष्टी माणसाबरोबर चालतात. प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन, नोकरीची पेन्शन, सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड. राज्य बदललं म्हणून त्या जात नाहीत.

गोंधळ होतो तो पहिला आणि दुसरा खिसा एक समजल्याने. आधारवर सोलापूरचा पत्ता आला म्हणजे अम्मी ‘महाराष्ट्राची रहिवासी’ झाली, असं आम्हाला वाटलं होतं. आधार हा फक्त ओळखीचा पुरावा आहे. तो नागरिकत्वाचा किंवा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आता कार्डाबरोबरच छापून येतं. आणि त्यावरचा पत्ता आजचा पत्ता सांगतो, १५ वर्षांचा इतिहास सांगत नाही.

पहिला खिसा: आजचा पत्ता

आधार. म्हाताऱ्या माणसाच्या नावावर ना लाइट बिल असतं, ना भाडेकरार. त्यासाठी जानेवारी २०२३ पासून ‘कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता’ अशी सोय आहे. इथे कुटुंबप्रमुख म्हणजे ज्याच्या आधारवर तो पत्ता आहे असा घरातला सज्ञान माणूस. नातं दाखवणारा कागद लागतो: रेशनकार्ड, मार्कशीट, विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट यांपैकी एक, ज्यावर दोघांची नावं आणि नातं आहे. आमच्याकडे तसा कागद नव्हता. लग्नानंतर गावच्या कार्डातून माझं नाव कमी झालं होतं. अशा वेळी आधारच्या ठरलेल्या नमुन्यात कुटुंबप्रमुखाने स्वतःचं घोषणापत्र दिलं तरी चालतं. ऑनलाइन विनंती गेल्यावर कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांच्या आत आपल्या लॉगिनमधून मान्यता द्यायची, नाहीतर विनंती रद्द होते आणि फी परत मिळत नाही. मोबाइल नंबर बदलायचा असेल तर तो केंद्रावर जाऊन बदलता येतो. घरात सतत चालू राहील असाच नंबर जोडा. शंका असेल तर १९४७ वर फोन करा.

नाव आणि जन्मतारीख. आपल्या घरांत हा मोठा प्रश्न आहे. एका कार्डावर शेख, दुसऱ्यावर शैख. एकीकडे नुसतं ‘हुसेनबी’, दुसरीकडे ‘हुसेनबी इमामसाब शेख’. कर्नाटकातल्या जुन्या कागदांवर कित्येकदा आडनावच नसतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून दुरुस्तीला जाण्याआधी सगळे जुने कागद जमिनीवर पसरून बघा. सगळ्यात जास्त ठिकाणी जे नाव आहे, तेच पक्कं धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. कित्येकांची जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण नोंदणीच्या वेळी अंदाजे साल सांगितलेलं. त्यात पाच वर्षं कमी लिहिली गेली असतील, तर श्रावणबाळची ६५ ची आणि आयुष्मानची ७० ची अट तेवढीच पुढे जाते. एकच संधी आहे, ती पुराव्यासकट वापरा.

रेशनकार्ड. गावच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथल्या कार्डात नाव चढत नाही. शहरात हे काम परिमंडळ कार्यालयातून होतं, तालुक्यात तहसीलच्या पुरवठा शाखेतून. नाव चढलं की ई-केवायसी करून घ्या.

मतदार यादी. जुनं ओळखपत्र असेल तर नवीन नोंदणीचा अर्ज क्रमांक ६ भरू नका. राहण्याची जागा बदलल्यासाठी अर्ज क्रमांक ८ आहे, मतदारसंघ बदलला तरी तोच. त्यामुळे जुन्या यादीशी असलेला धागा तुटत नाही आणि दोन ठिकाणी नाव राहत नाही. चौकशीसाठी १९५० हा नंबर आहे. जुन्या यादीत नाव असलेल्या पानाची प्रत काढून ठेवा, पुढच्या मुद्द्यात तिचं काम पडतं.

दुसरा खिसा: १५ वर्षांचा रहिवास

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ आणि त्यापुढच्या वृद्धांसाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, अशा अटी आहेत. दरमहा १,५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ही रक्कम १,००० होती. दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या वृद्धांना केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा मिळतो आणि उरलेली रक्कम राज्य सरकार भरतं.

६५ च्या आतल्या विधवा, घटस्फोटित, दिव्यांग किंवा गंभीर आजारी निराधारांसाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा ६५ वर्षांची आहे. त्यानंतर श्रावणबाळचा अर्ज आपण स्वतः करायचा असतो, नाव आपोआप तिकडे जात नाही.

वयासाठी जन्माचा उतारा, शाळेचा दाखला, किंवा रेशनकार्ड वा मतदार यादीतल्या वयाचा उतारा चालतो. यातलं काहीच नसेल तर सरकारी रुग्णालयाचा वयाचा दाखला मिळतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो. रहिवासासाठी तलाठी किंवा मंडळ अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि तो मिळवण्यासाठी जुने पुरावे दाखवावे लागतात.

१५ वर्षं कशी दाखवायची? सोलापुरात चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाकडेही ‘पुरावा नाही’ असं ऐकायला मिळतं. पुरावा बहुतेक वेळा घरातच असतो, फक्त त्याला कुणी पुरावा समजत नाही. १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, जुनं मतदार ओळखपत्र किंवा यादीचं पान, महापालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या, जुनं लाइट बिल, इथल्या शाळेचा स्वतःचा किंवा मुलांचा दाखला, गिरणीतल्या नोकरीचा कागद, बीडी कामगाराचं ओळखपत्र. जीर्ण झालेलं रेशनकार्ड नवीन मिळालं म्हणून फेकू नका. तेच सगळ्यात कामाचं ठरतं.

अर्ज तहसील कार्यालयात, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून होतो आणि तालुक्याची संजय गांधी योजना समिती मंजुरी देते. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. २००४ पासून ती माफी आहे आणि २०२५ मध्ये महसूल विभागाने ती पुन्हा स्पष्ट केली. तरी कुणी पाचशेचा स्टॅम्प मागत असेल तर हे नम्रपणे सांगा.

आता खरं बोलते. अम्मीसाठी मी श्रावणबाळचा अर्ज केलाच नाही. १५ वर्षं तर झालेलीच नाहीत, पण झाली असती तरी माझ्या पगारावर चालणाऱ्या घराला २१ हजारांची मर्यादा लागू होत नाही. “उत्पन्नाचा दाखला करून देतो” म्हणणारा माणूस मलाही भेटला. हा पैसा ज्यांना मुलगा विचारत नाही, ज्यांच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, त्यांचा आहे. खोटा दाखला म्हणजे त्यांच्या ताटातला घास. आणि ज्यांचा हक्क बसतो, त्यांनी लाजूही नये. आमच्या गल्लीतल्या एक खाला कित्येक वर्षं “खैरात नको” म्हणून अर्जच करत नव्हत्या. निराधाराची पेन्शन ही खैरात नाही, सरकारने ठरवलेली मदत आहे.

तिसरा खिसा: माणसाबरोबर चालणारे हक्क

याच खालांनी तीस वर्षं बीड्या वळल्या. सोलापुरात अशा हजारो बाया आहेत आणि त्यातल्या कितीतरी आपल्या घरांतल्या आहेत. बीडी उद्योगाला १९७७ पासून प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा लागू आहे. ज्यांचा पेन्शन योजनेत फंड कापला गेला आणि दहा वर्षं सेवा भरली, त्यांना ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. सप्टेंबर २०१४ पासून ती दरमहा किमान १,००० रुपये आहे. तिला १५ वर्षांच्या रहिवासाची अट नाही. जुन्या पिशवीत फंडाचा नंबर असलेली चिठ्ठी किंवा कार्ड शोधा आणि फंड कार्यालयात विचारा. खालांना हे माहीतच नव्हतं. ही पेन्शन मिळत असेल तर दुसऱ्या कुठल्याही अर्जात ती लपवू नका.

बीडी वळून बोटांचे ठसे झिजतात, मशीनवर उमटत नाहीत. त्यासाठी “मशीन घेत नाही” म्हणून परत येऊ नका. डोळ्यांचं स्कॅन, चेहऱ्यावरून ओळख किंवा मोबाइलवरचा ओटीपी, हे पर्याय आहेत. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला तर घरी बसून मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो.

आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना मिळतं. उत्पन्नाची अट नाही. म्हणून माझ्या अम्मीलाही मिळालं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, योजनेतल्या कोणत्याही राज्यातल्या रुग्णालयात. फक्त आधारवर वय ७० पूर्ण हवं. चौकशी १४५५५ वर. सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिला रेशनकार्ड लागतं. म्हणजे कार्डात नाव चढवणं हे फक्त धान्यासाठी नाही.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढे सगळ्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. विजयपूरला जाताना ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच धरतात.

पेठेतून कुंभारीला गेलेल्यांसाठी

कुंभारीत २००६ मध्ये बीडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला रायनगरमधली १५,००० घरं ताब्यात दिली गेली. तिथे गेलेल्यांचं राज्य बदललेलं नाही, त्यामुळे १५ वर्षांचा हिशेब तुटत नाही. पेठेतले जुने कागद तितकेच चालतात. पण जुन्या पेठा उत्तर सोलापूर तालुक्यात आणि कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. श्रावणबाळ चालू असेल तर जुन्या तहसीलला लेखी कळवा, केस नव्या तहसीलकडे वर्ग करायला सांगा आणि पोच घ्या. चौकशीला माणूस जुन्या पत्त्यावर गेला आणि “इथे राहत नाहीत” असा शेरा मारून आला, तर चालू पेन्शन थांबू शकते.

बँक आणि पोच

आता अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. इथे एक बारीक गोष्ट आहे. तुम्ही अर्जात जे खातं लिहिता त्यातच पैसे येतील असं नाही, आधारला शेवटी जी बँक जोडलेली आहे तिथे ते जातात. अम्मीचं आधार गावच्या बँकेलाच जोडलेलं होतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा आणि हवी ती बँक जोडून घ्या. एटीएम कार्ड, पिन आणि ओटीपी केंद्रवाल्याच्या हातात देऊ नका.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि तिच्यावर तारीख बघा. सेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे उत्पन्न आणि अधिवासाच्या दाखल्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. मुदत टळली तर अपील करता येतं. त्यानेही भागलं नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. वृद्धांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो विसरला की पैसे थांबतात.

शेवटी अम्मीचं सांगते. तिची १,२०० ची पेन्शन परत आली नाही, येणारही नव्हती. आम्ही तिच्या नावाने पोस्टात खातं उघडलं आणि पगाराच्या दिवशी तेवढे पैसे त्यात टाकतो. पासबुक तिच्याकडेच असतं. ती पैसे कशावर खर्च करते, हे कुणी विचारत नाही. मागच्या ईदला तिने सगळ्या नातवंडांना नव्या कोऱ्या नोटांची ईदी दिली.

तुमच्या घरी कुणी असं राहायला येणार असेल, तर कागद बदलण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसा. त्यांना आज काय मिळतं, त्यातलं काय सुटेल आणि त्या जागी काय मिळेल, हे तीन रकाने एका वहीत लिहून त्यांना वाचून दाखवा, आणि मगच सही घ्या. कागद त्यांचे आहेत, निर्णयही त्यांचाच असू द्या.